लिनक्सची ओळख: हार्ड डिस्कला धक्का न लावता

घरातला संगणक हे आता केवळ यंत्र राहिलेले नाही. मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, कुणाचा अर्धवट राहिलेला प्रबंध असे बरेच काही त्याच्या हार्ड डिस्कमध्ये साठलेले असते. म्हणूनच 'लिनक्स वापरून पाहा' असे कुणी सुचवले की पहिली शंका येते ती याच ठेव्याविषयी. नवी कार्यप्रणाली टाकताना जुने सारे पुसले गेले तर काय, या भीतीने बहुतेकांचा लिनक्सचा विचार तिथेच थांबतो.

ही भीती निराधार नाही. कार्यप्रणाली इन्स्टॉल करताना चुकीचा पर्याय निवडला तर हार्ड डिस्क खरोखरच पुसली जाऊ शकते. मात्र लिनक्सची चव घेण्यासाठी ती इन्स्टॉल करण्याची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, हवे तेवढे वापरून पाहावे, संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. पुन्हा सुरू केल्यावर जुनी विंडोज आणि तिच्यातील फायली होत्या तशाच समोर येतात. या सोयीला 'लाइव्ह' पद्धत म्हणतात.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा होण्याला कारण आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची वेगळी योजना देण्यात आली, पण ती तात्पुरती मलमपट्टी होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी ठणठणीत असलेले अनेक संगणक केवळ या अटींमुळे मागे पडले. असा संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स कशी चालते हे पाहणे शहाणपणाचे ठरते. पाहण्याचा खर्च म्हणजे एक पेन ड्राइव्ह आणि एक मोकळी संध्याकाळ.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याने लिहिलेला भाग म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, अर्थात 'कर्नल'. या गाभ्याभोवती ग्नू प्रकल्पाची साधने, खिडक्या व मेनू दाखवणारा डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिसचे सॉफ्टवेअर अशी जुळवाजुळव करून जो संच तयार होतो त्याला 'वितरण' किंवा 'डिस्ट्रो' म्हणतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन ही अशा वितरणांची नावे. बहुतेक वितरणे मोफत मिळतात आणि त्यांचा मूळ आराखडा, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला असतो.

नावाने अनोळखी वाटणारी ही प्रणाली प्रत्यक्षात फार दूरची नाही. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचेच कर्नल असते. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. घरच्या मेजावर मात्र विंडोजचीच सवय असल्याने ती तेवढी परकी राहिली.

पेन ड्राइव्हवरची कार्यप्रणाली चालते कशी?

संगणक सुरू होताच त्याच्या मदरबोर्डवरील बायोस किंवा नव्या संगणकांतील यूईएफआय हा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि कार्यप्रणाली कोठे आहे याचा शोध घेतो. नेहमी त्याला ती हार्ड डिस्कवर सापडते. त्याला पेन ड्राइव्हकडे बघायला सांगितले तर तो तेथील लिनक्सचे कर्नल रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत आणतो. पेन ड्राइव्हवरील बाकीची प्रणाली एका मोठ्या आवळून बांधलेल्या फाइलमध्ये असते. ही फाइल केवळ वाचण्यासाठी असते. ज्या प्रोग्रॅमची गरज पडेल तेवढाच भाग त्यातून उलगडून घेतला जातो.

मग वापरणाऱ्याने भिंतीवरचे चित्र बदलले किंवा एखादे पत्र टाइप केले तर ते जाते कोठे? त्यासाठी रॅममध्ये एक पातळ थर तयार केलेला असतो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसा हा प्रकार. वापरणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात, पण मूळ नकाशावर शाईचा ठिपकाही पडत नाही. संगणक बंद केला की रॅम रिकामी होते आणि पारदर्शक कागद खुणांसह नाहीसा होतो. लाइव्ह पद्धतीचा सुरक्षितपणा यात आहे आणि तिची सर्वांत मोठी मर्यादाही यातच आहे. केलेले काम आपोआप टिकत नाही.

सीडीपासून पेन ड्राइव्हपर्यंत

ही कल्पना नवी नाही. १९९२ मध्ये आलेल्या इग्ड्रासिल या लिनक्स संचात सीडीवरून प्रणाली चालवण्याची सोय होती. पण त्या काळचे सीडी ड्राइव्ह संथ आणि रॅम तुटपुंजी असल्याने तिचा प्रसार झाला नाही. खरी लोकप्रियता मिळाली ती जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये प्रसृत केलेल्या क्नॉपिक्समुळे. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे २ गीगाबाइटचे सॉफ्टवेअर आवळून बसवलेले असे, आणि संगणकातील साउंड कार्ड, ग्राफिक्स कार्ड वगैरे भाग ते आपोआप ओळखत असे. बिघडलेल्या संगणकातील माहिती वाचवण्यासाठी तंत्रज्ञांच्या पिशवीत ही सीडी हमखास सापडू लागली.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली तेव्हा इन्स्टॉल करण्याची आणि लाइव्ह चालवण्याची अशा दोन वेगळ्या सीडी होत्या. जून २००६ च्या आवृत्तीपासून दोन्ही कामे एकाच सीडीवर आली. आधी वापरून पाहा, पसंत पडली तर तेथूनच इन्स्टॉल करा, ही आज सर्वत्र रुळलेली रीत तेव्हापासूनची. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी मागणी नोंदवणाऱ्यांना टपालाने घरपोच मोफत मिळत. भारतात संगणकविषयक मासिकांच्या अंकासोबत येणाऱ्या सीडींतूनही अनेकांना लिनक्सचे पहिले दर्शन घडले. आज सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे.

कोणते वितरण निवडावे?

वितरणांची संख्या शेकड्यांत आहे आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. पहिल्या ओळखीसाठी पुढील काही नावे पुरेशी आहेत.

लिनक्स मिंट: २००६ मध्ये सुरू झालेले हे वितरण विंडोज वापरणाऱ्याला सर्वांत जवळचे वाटते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ अशी परिचित मांडणी असते. 'सिनॅमन' ही त्याची मुख्य आवृत्ती. संगणक जुना असेल तर 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. डाउनलोड सुमारे ३ गीगाबाइटचे असते.

उबुंटू: सर्वाधिक परिचित नाव. मांडणी विंडोजहून निराळी आहे आणि रॅम अधिक लागते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी दीर्घकालीन आवृत्ती, म्हणजे 'एलटीएस', नवख्यांनी निवडावी. तिला पाच वर्षे अद्यतने मिळतात. डाउनलोड सुमारे ६ गीगाबाइटचे आहे.

फेडोरा: नव्या सॉफ्टवेअरची आवड असणाऱ्यांसाठी. अगदी नव्या लॅपटॉपवर याचे नवे कर्नल उपयोगी पडते.

पपी लिनक्स: काही शे मेगाबाइटचे हे वितरण बहुतेकदा पूर्णपणे रॅममध्ये जाऊन बसते. त्यामुळे ते जुन्या संगणकावरही चपळ वाटते. त्याची रीत मात्र थोडी वेगळी आहे.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ मध्ये 'बॉस' हे भारतीय भाषांवर भर देणारे वितरण आणले.

पहिल्या प्रयोगाला कोणतेतरी एकच घ्यावे. चार वितरणे एकाच दिवशी पाहिली तर फरक भिंतीवरच्या चित्राचाच लक्षात राहतो. दहा-बारा वर्षांतील बहुतेक सर्व संगणक ६४ बिटचे आहेत आणि वरील मोठी वितरणे त्यांच्यासाठीच असतात. त्याहून जुन्या ३२ बिटच्या संगणकांची सोय बहुतेक मोठ्या वितरणांनी थांबवली आहे. अॅपलच्या २०२० अखेरपासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकवरही ही नेहमीची पेन ड्राइव्ह चालत नाही.

पूर्वतयारी

लागणारे साहित्य थोडे आहे: किमान ८ गीगाबाइटचा, शक्यतो यूएसबी ३ जातीचा पेन ड्राइव्ह, किमान ४ गीगाबाइट रॅम असलेला संगणक आणि बरा इंटरनेट जोड. पेन ड्राइव्ह मोकळा असावा. तयार करताना त्यातील सर्व काही पुसले जाते. 'लिनक्समुळे फोटो गेले' अशा तक्रारीत दोष अनेकदा याच पायरीचा असतो. घाईत भलताच पेन ड्राइव्ह निवडला जातो, किंवा जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कच निवडली जाते. म्हणून या वेळी इतर सर्व पेन ड्राइव्ह आणि बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात.

वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ प्रकारची फाइल उतरवून घ्यावी. तिच्यासोबत 'एसएचए-२५६' नावाची अक्षरांची व अंकांची लांबलचक ओळ दिलेली असते. उतरवलेल्या फाइलवरून तीच ओळ निघते का हे तपासले की फाइल अर्धवट किंवा बदललेली नाही याची खात्री होते. हे काम कंटाळवाणे वाटते. पण अर्धवट फाइलमुळे मध्येच अडकणारा प्रयोग त्याहून अधिक वेळ खातो.

ही फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. संगणक ज्या जागी शोध घेतो त्या जागी ती विशिष्ट रीतीने लिहावी लागते. त्यासाठी विंडोजवर रुफस किंवा बलेना एचर ही मोफत साधने आहेत. आयएसओ फाइल निवडावी, पेन ड्राइव्ह निवडावा, नाव आणि क्षमता दोनदा पाहावी आणि मगच सुरुवात करावी. 'व्हेंटॉय' या साधनाची पद्धत थोडी वेगळी आहे. एकदा पेन ड्राइव्ह त्याने तयार केला की त्यावर कितीही आयएसओ फायली साध्या कॉपी करता येतात आणि सुरुवातीला कोणती चालवायची ते विचारले जाते.

पेन ड्राइव्ह तयार झाल्यावर विंडोज कधीकधी 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असे विचारते. लिनक्सची मांडणी तिला ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. येथे नकार द्यावा, अन्यथा केलेली मेहनत वाया जाते.

संगणक सुरू करताना

पेन ड्राइव्ह लावून संगणक नव्याने सुरू करावा आणि कंपनीचे बोधचिन्ह दिसताच बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या अनेक संगणकांत ती एफ १२ असते, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ ९, तर असूसमध्ये एस्केप किंवा एफ ८. येणाऱ्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. ही निवड त्या एका वेळेपुरतीच असल्याने संगणकाच्या कायमच्या मांडणीत बदल होत नाही. कळ सापडत नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमधील 'रिकव्हरी' विभागातील 'अॅडव्हान्स्ड स्टार्टअप' या पर्यायातूनही तेथे पोहोचता येते.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'ने कुलूपबंद असते आणि पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते. बायोसमधील 'सिक्युअर बूट'सारखी मांडणी बदलली तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फायलींपुढे दार बंद होते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. प्रयोगापूर्वी ती पाहून कागदावर उतरवून ठेवावी. उबुंटू, फेडोरा आणि मिंट ही वितरणे सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. तेव्हा त्या मांडणीला शक्यतो हात लावू नये.

उबुंटूमध्ये सुरुवातीला 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय समोर येतात. त्यातील 'ट्राय' निवडावा. मिंट थेट डेस्कटॉपवर नेते आणि तेथे इन्स्टॉलचे एक चिन्ह ठेवते. ते चिन्ह दाबले नाही, तर इन्स्टॉल होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पडदा काळा राहिला किंवा चित्र फाटल्यासारखे दिसले तर संगणक बंद करून सुरुवातीच्या मेनूतील सुरक्षित ग्राफिक्सचा किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड'चा पर्याय वापरून पाहावा. ग्राफिक्स कार्डाशी न जुळणे हे त्याचे नेहमीचे कारण असते.

काय तपासावे?

लाइव्ह लिनक्स सुरू झाल्यावर बहुतेक जण दहा मिनिटे मेनू उघडझाप करतात आणि संगणक बंद करतात. त्यातून फारसे हाती लागत नाही. लाइव्ह पद्धतीचे खरे मोल असे की ती आपल्याच यंत्रावर, आपल्याच वायफायवर आणि आपल्याच प्रिंटरसोबत चालते. मित्राच्या संगणकावर लिनक्स उत्तम चालते म्हणून आपल्याही चालेल असे नाही. म्हणून कागदावर यादी करून एकेक गोष्ट पाहावी.

पहिले वायफाय. काही कंपन्यांच्या वायफाय चिप लिनक्सला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखता येत नाहीत. अशा वेळी मोबाइल फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. त्यानंतर आवाज, मायक्रोफोन, वेबकॅम आणि ब्लूटूथ. मग टचपॅड, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कळा आणि लॅपटॉप मिटून पुन्हा उघडल्यावर तो नीट जागा होतो का. शेवटी प्रिंटर आणि स्कॅनर. छपाईचे एक पान प्रत्यक्ष काढून पाहावे. प्रिंटरचे नाव पडद्यावर दिसले म्हणजे छपाई होतेच असे नाही.

यंत्र तपासून झाले की कामाची पाळी. ब्राउझरमध्ये बँकेचे आणि नेहमीच्या सरकारी सेवांचे संकेतस्थळ उघडते का ते पाहावे. व्हिडिओ अडखळत नाही ना हे पाहावे. लिब्रेऑफिसमध्ये आपली एखादी वर्डची आणि एक्सेलची फाइल उघडून तिची मांडणी तशीच राहते का हे तपासावे. यासाठी मूळ फायलीऐवजी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत वापरावी.

मराठीचे काय?

मराठी वाचण्यासाठी काहीच करावे लागत नाही. युनिकोडमधील मजकूर जोडाक्षरांसह व्यवस्थित दिसतो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुल्या केलेल्या 'लोहित' मालिकेच्या फॉन्टने भारतीय लिप्यांची ही वाट सोपी केली. टाइप करण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी कळफलक जोडावा. सरकारने प्रमाण मानलेला इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार चालणारा 'कगप' असे दोन्ही प्रकार तेथे मिळतात. लाइव्ह पद्धतीतही ते लगेच चालतात.

अडचण आहे ती जुन्या फायलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर लिनक्सवर उघडला तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्या फायली खराब झालेल्या नसतात. त्यांची अक्षरे त्या विशिष्ट फॉन्टच्या आधारानेच मराठी दिसत असतात, एवढेच. छपाईच्या व्यवसायातील, छोट्या नियतकालिकांतील आणि संस्थांच्या कार्यालयांतील वर्षानुवर्षांचा मजकूर आजही अशा फायलींत आहे. ज्यांच्याकडे असा साठा आहे त्यांनी तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय विंडोज सोडण्याचा विचार करू नये. ही गोष्ट इन्स्टॉल करण्यापूर्वी कळणे आणि नंतर कळणे यात मोठा फरक आहे.

धोका कोठे आहे?

लाइव्ह लिनक्स स्वतःहून हार्ड डिस्कवर लिहीत नाही. मात्र फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचा विभाग दिसतो. तो उघडून एखादी फाइल पुसली तर ती खरोखर पुसली जाते. तेथे पारदर्शक कागदाचे संरक्षण नसते. विंडोज 'फास्ट स्टार्टअप'मुळे अर्धवट झोपलेल्या अवस्थेत बंद झाली असेल तर तो विभाग फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडतच नाही. अशा वेळी जबरदस्ती करू नये. विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून बाहेर पडले तर ही अडचण येत नाही.

आणखी एक गंमत घडू शकते. प्रयोगानंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले आढळते. लिनक्स संगणकातील मूळ घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लावते, तर विंडोज ते स्थानिक वेळेनुसार आहे असे समजते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तेवढाच फरक पडतो. सेटिंग्जमधून वेळ पुन्हा जुळवली की काम होते.

या साऱ्यातून एक धडाही मिळतो. पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सला विंडोजचा पासवर्ड लागत नाही. डिस्क कुलूपबंद नसेल तर तिच्यातील फायली कुणालाही वाचता येतात. आपल्या हाती असलेली ही सोय लॅपटॉप चोरणाऱ्याच्याही हाती असते.

मर्यादा आणि पर्याय

लाइव्ह लिनक्सचा वेग हे तिच्या खऱ्या वेगाचे माप नव्हे. पेन ड्राइव्हवरून वाचन संथ होत असल्याने प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. इन्स्टॉल केलेली प्रणाली, विशेषतः एसएसडीवर, बरीच चपळ असते. केलेले काम जपायचे असेल तर ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलने पाठवून ठेवावे. रुफस आणि व्हेंटॉयमध्ये 'पर्सिस्टन्स' नावाची सोय आहे. तिने पेन ड्राइव्हचा काही भाग कायम साठवणुकीसाठी राखता येतो. काही दिवस सलग वापरून पाहायचे असेल तर ती उपयोगी पडते.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस, अॅडोबचे फोटोशॉप, लेखापालांचे टॅली ही विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याच्या उत्पादकाने लिनक्ससाठी सॉफ्टवेअर दिले आहे का हे आधी पाहावे. ज्यांचे पोट अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे त्यांच्यासाठी लाइव्ह प्रयोगाचे उत्तर 'नको' असे येऊ शकते. तेही उपयुक्तच उत्तर होय.

पेन ड्राइव्हही नको असेल तर आणखी मार्ग आहेत. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या आत एक काल्पनिक संगणक उभा करते. त्यात तीच आयएसओ फाइल लावून एका खिडकीत लिनक्स चालवता येते. त्यासाठी ८ गीगाबाइट किंवा अधिक रॅम असणे बरे. या संगणकाचे वायफाय, प्रिंटर सारे मानलेले असल्याने खऱ्या यंत्राची परीक्षा मात्र होत नाही. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल ही सोय दिली आहे. तिच्यात लिनक्सच्या आज्ञा टाइप करून शिकता येतात. केवळ दर्शन घ्यायचे असेल तर डिस्ट्रोसी या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच विविध वितरणे पाहता येतात. तेथे कोणताही पासवर्ड किंवा खासगी माहिती टाइप करू नये.

अडल्या वेळचा सोबती

एकदा तयार केलेला पेन ड्राइव्ह लिनक्स पसंत पडली नाही तरी पुसू नये. एखाद्या सकाळी विंडोज सुरूच होत नाही आणि परीक्षेचा प्रकल्प किंवा लग्नाचे फोटो आत अडकतात, असा प्रसंग अनेक घरांत येतो. दुरुस्तीच्या दुकानात 'फॉरमॅट करावे लागेल' असे सांगितले जाते. हार्ड डिस्क शाबूत असेल आणि केवळ विंडोज बिघडली असेल, तर लाइव्ह लिनक्स सुरू करून त्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. बिटलॉकरचे कुलूप असेल तर येथेही ती ४८ अंकी की लागतेच. डिस्कमधून खरखर किंवा टकटक असा आवाज येत असेल तर मात्र घरगुती प्रयोग न करता संगणक तत्काळ बंद करावा आणि जाणकाराकडे न्यावा.

लिनक्स चांगली की विंडोज, या वादात नवख्या माणसाने पडण्याचे कारण नाही. आपला संगणक, आपला प्रिंटर, आपल्या मराठी फायली आणि आपले रोजचे काम यांच्याशी तिचे जमते का, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. याचे उत्तर दुसऱ्याच्या मतातून मिळत नाही. फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, रिकव्हरी की उतरवून ठेवावी आणि पेन ड्राइव्ह लावावा. जमले तर पुढचा विचार करावा. नाही जमले तर पेन ड्राइव्ह काढून संगणक नव्याने सुरू करावा. हार्ड डिस्कमधील बारशाचे फोटो आपल्या जागी असतात.